शेजारची खुर्ची

युनिटरावांना मी एकतीस वर्षं ओळखतो, असं मी कुणालाही छातीठोकपणे सांगितलं असतं. कोपऱ्यावर माझं औषधांचं दुकान, आणि दर महिन्याच्या नऊ तारखेला त्यांची फेरी आमच्या रस्त्याला. ते वीज कार्यालयाचे मीटर वाचणारे. काखेत लांबट वही, कानावर पेन्सिल, हातात बॅटरी. दारात उभं राहून "मीटर" म्हणायचे, दुकानामागच्या जिन्याखाली वाकायचे, जळमटं बाजूला सारून आकडा टिपायचे आणि पुढच्या दाराला जायचे. एकतीस वर्षांतलं आमचं सगळं बोलणं लिहून काढलं असतं तर एक पोस्टकार्डही भरलं नसतं. पण माणूस नेमानं दिसत राहिला की आपण त्याला ओळखतो असा आपला एक गोड गैरसमज होतो, तसा माझाही होता.

युनिटराव हे नाव त्यांना मास्तरांनी दिलं. मास्तर म्हणजे आमच्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. अर्ध्या वस्तीची टोपणनावं त्यांचीच. एकदा त्यांनी या गृहस्थांना वाटेत थांबवून सहज विचारलं, "काय हो, यंदा उन्हाळा कसा वाटतोय?" उत्तर आलं, "घरटी तीस युनिट जास्त." झालं. त्या दिवसापासून ते युनिटराव.

त्यांना बायको-मुलं नव्हती. एक थोरली बहीण होती, ताई. आईवडील लवकर गेले, ताईनं लोकांचे कपडे शिवून या धाकट्याला वाढवलं आणि त्यापायी तिचं लग्न राहिलं. मग ताईला एकटीला कसं टाकायचं म्हणून याचं राहिलं. दोन खोल्यांत दोघं राहायची. पुढे एका वर्षात तीन गोष्टी झाल्या. आपापला आकडा आपणच कार्यालयाला कळवणारी नवी मीटरं बसली. युनिटरावांना दोन वर्षं आधीच घरी बसवलं. आणि ताई सहा महिने अंथरुणाला खिळून राहिली आणि गेली. त्यांच्या घरचं मीटर ब्याण्णव युनिटांवरून एकतीसवर आलं. हे त्यांनीच मला नंतर सांगितलं. नोकरी गेली तरी दर महिन्याच्या नऊ तारखेला ते बॅटरी घेऊन स्वतःच्या जिन्याखाली वाकत होते.

आता खऱ्या गोष्टीकडे येतो.

आमच्याकडे अंथरुणाला खिळलेल्यांचं घरी जाऊन बघणारं एक लहानसं पथक आहे. दोन नर्स, एक ड्रायव्हर आणि एक गाडी. गाडीनं त्या वर्षी अंग टाकलं, तेही भर चौकात. नवी घ्यायची म्हणून मदतीसाठी गाण्यांचा कार्यक्रम ठरला. गाणारी-वाजवणारी माणसं इथलीच: बँकेतले व्हायोलिनवाले कॅशियर, शाळेतल्या संगीताच्या बाई, दवाखान्यातला नर्सेसचा गट. वाचनालयाचं सभागृह फुकट मिळालं, चारशे खुर्च्यांचं. समिती झाली आणि दुसऱ्या कुणी मान पुढे केली नाही म्हणून अध्यक्ष मी झालो.

तीन आठवडे राहिले तरी सव्वाशेच तिकिटं गेली होती, आणि तीही समितीच्या सोयऱ्याधायऱ्यांत. माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत, खोक्यांवर बसून आम्ही डोकी खाजवत होतो. मास्तर म्हणाले, "फलक मोठे रंगवा." मी म्हणालो, "दोनावर एक फुकट द्या." तेवढ्यात पथकाच्या थोरल्या सिस्टर आल्या, मागे युनिटराव. ताईच्या शेवटच्या दिवसांत याच सिस्टर त्यांच्या घरी जात असत.

"यांना तिकिटांची दोन पुस्तकं द्या," सिस्टर म्हणाल्या. "सहाशेचाळीस दारं यांच्या पायाखालची आहेत. आपल्यापैकी कुणाच्या आहेत?"

युनिटराव दाराशीच उभे होते. पन्नास तिकिटांची दोन पुस्तकं त्यांनी वहीसारखी काखेत धरली आणि निघाले. मला काही भरवसा वाटला नाही. ज्या माणसाला "मीटर" सोडून दुसरा शब्द येत नाही तो तिकिटं काय खपवणार?

आणि पहिले चार दिवस माझंच खरं ठरलं. दार उघडलं की लोक त्यांचा चेहरा बघायचे, मग आपोआप हात जिन्याकडे दाखवायचे. "मीटर तिकडे आहे." कुणी म्हणे, "आता रीडिंग घ्यायला यावं लागत नाही ना?" तिकिटाचं बोलेपर्यंत दार अर्धं मिटलेलं असायचं. चार दिवसांत तीन तिकिटं गेली, त्यातलं एक माझ्या शेजारच्या कटिंगवाल्यानं घेतलं, माझी भीड म्हणून.

पाचव्या दिवशी युनिटराव दुकानात आले ते नोटा घेऊन, आणि पुस्तकातलं आणखी एकही तिकीट मात्र फाटलेलं नव्हतं.

"ही कसली रक्कम?" मी विचारलं.

"लोकांनी दिली. तिकीट नको म्हणाले."

"मग बिघडलं कुठं? गाडीला पैसे हवेत. खुर्च्या रिकाम्या राहिल्या तर राहू देत."

 ते म्हणाले, "सहा जणांनी पैसे दिले. सहाही जणांनी एकच सांगितलं. एकट्यानं कुठं जायचं."

त्यांचं तेवढं लांब वाक्य मी प्रथमच ऐकलं. तोपर्यंत आम्ही सगळे तिकिटाच्या किमतीचा, फलकांचा, गाण्यांच्या निवडीचा विचार करत होतो. माणूस कार्यक्रमाला का येत नाही, हे आमच्यापैकी कुणी दारात उभं राहून ऐकलंच नव्हतं.

त्या संध्याकाळी ते घरी गेले आणि जुन्या वह्या काढून बसले. कार्यालयात वह्या जमा करायच्या असत, पण आकड्यांची एक प्रत ते स्वतःसाठी उतरून ठेवत. का, ते त्यांनाही सांगता यायचं नाही. मीटरवरून घर वाचता येतं, हे त्यांनी मला त्यानंतर सांगितलं. बाळ झालं की आकडा चढतो. लेक सासरी गेली, मुलगा नोकरीला दूर गेला, की उतरतो. फ्रीज बिघडला तर एक महिना खाली येतो आणि मग परत वर जातो. पण एखाद्या घरचा आकडा एका महिन्यात निम्म्यावर आला आणि पुढे तिथंच बसून राहिला, तर त्या घरातलं माणूस कमी झालेलं असतं. अशी घरं त्यांनी बोट ठेवून मोजली. एकशे बारा निघाली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी समितीपुढे चौकटीच्या कागदावर काढलेला सभागृहाचा नकाशा ठेवला. खुर्च्यांना नंबर घालायचे, म्हणाले.

"अहो, सभागृह आहे ते, विमान नव्हे," मास्तर म्हणाले. "येईल तो बसेल."

"येणारच नाही," युनिटराव म्हणाले. "शेजारी कोण बसणार ते आधी सांगितलं तर येतील."

सिस्टरनी सरळ पेन उचललं आणि पहिल्या रांगेपासून नंबर टाकायला लागल्या. तिथं वाद मिटला. कार्यक्रम संध्याकाळी पाचलाच ठेवायचा, म्हणजे म्हातारी माणसं उजेडी घरी पोचतील, आणि माझी औषधं पोचवायची गाडी आणण्या-सोडण्याला द्यायची, हेही त्यांनीच ठरवलं. अध्यक्षाला विचारायची पद्धत आमच्या समितीत नव्हती.

मग ते त्या एकशे बारा दारांना गेले. तिकीट घ्या असं म्हणायचं त्यांनी सोडूनच दिलं. "तुम्हाला कुणाशेजारी बसायला आवडेल?" असं विचारायचे. लोक आधी चपापायचे, मग खरंच विचार करायचे. एका निवृत्त ड्रायव्हरनं सांगितलं, बोलणारं कुणीही चालेल, पण राजकारण नको. एका आजींनी त्यांच्या जुन्या शेजारणीचं नाव घेतलं; दोघी आठ वर्षं भेटल्या नव्हत्या, आणि मधे अंतर होतं दोन गल्ल्यांचं. युनिटराव नकाशावर पेन्सिलीनं खुणा करायचे, खोडायचे, पुन्हा करायचे. ज्याला कमी ऐकू येतं त्याला पुढे, ज्याला वारंवार उठावं लागतं त्याला कडेला. मास्तरांच्या शेजारी त्यांनी एक निवृत्त सर्वेक्षक बसवले, बुद्धिबळाचे वेडे. मास्तर म्हणाले, "मला कशाला सोबत, मी काय एकटा आहे?" पण तिकीट बदलून मागितलं नाही. दहा दिवसांत दोन पुस्तकं संपली, मग चार, मग माझ्याकडची उरलेली सगळी.

या फेऱ्यांत एक घर त्यांनी शेवटी ठेवलं होतं. नगरपालिकेतून निवृत्त झालेल्या टायपिस्टबाईंचं. तिथं काय झालं ते त्यांनी मला दोनदा सांगितलं, आणि दोन्ही वेळा एकाच शब्दांत.

बाईंनी दार उघडलं. "तुम्ही मीटरवाले."

"होतो."

त्यांनी कार्यक्रमाचं सांगितलं. चौथ्या रांगेत कडेची खुर्ची आहे म्हणाले. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "या गल्लीत दुसऱ्या कुणाकडे गेला नाहीत. माझ्याकडेच का?"

युनिटरावांना खोटं बोलायची सवय नव्हती. "तुमचा आकडा साडेतीनशेवरून पंचावन्नवर आला होता," ते म्हणाले. "तीन वर्षांपूर्वी, मार्चमध्ये."

 बाई म्हणाल्या, "आईचं ऑक्सिजनचं मशीन होतं. चोवीस तास चालायचं."

"मला वाटलंच होतं."

"कधी वाटलं?"

"तेव्हाच."

"म्हणजे त्या दिवशी तुम्हाला कळलं होतं." बाईंचा आवाज चढला नाही. "आई जाऊन महिना उलटला होता. येणारीजाणारी माणसं संपली होती. बेल वाजली तेव्हा मला वाटलं, कुणीतरी आलं. तुम्ही 'मीटर' म्हणालात आणि लिहून गेलात. एक शब्द बोलला असतात तर चाललं असतं की."

"पुढची घरं राहिली होती," युनिटराव म्हणाले.

हे सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते. "तोंडातून गेलं आणि माझी मलाच लाज वाटली," म्हणाले. "ताई गेल्यावर माझ्या दारीही कुणी बोलायला आलं नाही, म्हणून मी मनात सगळ्यांना नावं ठेवत बसलो होतो. मी स्वतः एकतीस वर्षं दुसरं काय केलं?"

बाईंनी दार लावलं नाही. म्हणाल्या, "येते मी. पण अनोळखी माणसाशेजारी नाही बसणार. तुमची खुर्ची कुठली?"

त्यांची खुर्चीच नव्हती. सगळ्यांना बसवताना स्वतःला कुठं बसवायचं राहून गेलं होतं. "तुमच्या शेजारची," ते म्हणाले, आणि त्याच पावली दुकानात येऊन चौथ्या रांगेतलं दोन नंबरचं तिकीट त्यांनी विकत घेतलं. समितीच्या माणसाला फुकट होतं, तरी विकत घेतलं. त्या आठवड्यात त्यांनी केस कापून घेतले, आणि माझ्याकडून चांगलासा साबण नेला. मी काही बोललो नाही, पण बायकोला सांगितलं.

कार्यक्रमाच्या दिवशी चारच्या ठोक्याला माणसं यायला लागली. माझ्या गाडीनं पाच फेऱ्या केल्या. दाराशी युनिटराव नकाशा घेऊन उभे, प्रत्येकाला जागेपर्यंत नेऊन सोडत होते. दोन गल्ल्यांच्या अंतरावरच्या त्या दोघी आजी एकमेकींना बघून हात धरूनच बसल्या. टायपिस्टबाई आल्या, जागेवर बसल्या, शेजारच्या खुर्चीवर पर्स ठेवली.

पाचला दोन मिनिटं असताना घड्याळवाले आले. त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद होऊन चार वर्षं झाली होती, आणि बायको जाऊन दोन. युनिटराव त्यांच्या दारी तीनदा गेले होते, तिन्ही वेळा त्यांनी आतूनच "नको" म्हटलं होतं. आता इस्त्रीचा सदरा घालून, छातीशी टोपी धरून ते उभे होते.

"एक मिळेल का?" त्यांनी मला विचारलं.

"सगळी गेली हो," मी म्हणालो. ते खरंच होतं. "मागे उभं राहायला जागा करतो."

"नको नको, गुडघे नाहीत साथ देत. पुन्हा कधी." आणि ते वळले.

दोन पायऱ्या उतरले असतील. युनिटराव माझ्या बाजूनं पुढे झाले, खिशातून स्वतःचं तिकीट काढलं आणि त्यांच्या हातात ठेवलं. "चौथी रांग, दोन नंबर," म्हणाले. "एक परत आलंय." मी त्यांच्याकडे बघत राहिलो. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. घंटा झाली, दिवे मंद झाले. बाईंना जाऊन सांगायचं त्यांच्या मनात होतं, पण तोवर पडदा वर गेला होता.

मध्यंतरात बाई स्वतःच बाहेर आल्या.

"ती खुर्ची तुमची होती."

"हो. ते परत निघाले होते, म्हणून."

"दिसतंय मला. चांगलंच केलंत." बाईंनी पर्सचा पट्टा नीट केला. "पण मी तुमच्या शब्दावर आले होते."

त्या आत गेल्या. युनिटराव पाण्याचे पेले उचलायला लागले. कार्यक्रमाचा दुसरा भाग त्यांनी बाहेरच्या बाकावर बसून ऐकला, दार बंद असल्यामुळे जेवढा ऐकू आला तेवढा. शेवटी टाळ्या बराच वेळ चालल्या. मग दारं उघडली आणि माणसं दोघंदोघं, तिघंतिघं बोलत बाहेर पडली. घड्याळवाले टायपिस्टबाईंना कसल्याशा जुन्या भिंतीवरच्या घड्याळाबद्दल सांगत होते, आणि त्या ऐकत होत्या. आमच्या गाडीत ते समोरासमोर बसून गेले. युनिटरावांनी माझ्याबरोबर चारशे खुर्च्या आवरल्या. मी म्हटलं, आमच्याकडे जेवायला चला. ते म्हणाले, घरी भात लावलाय. लावला नव्हता, हे दोघांनाही माहीत होतं, आणि मी पुन्हा आग्रह केला नाही. ते मला अजून टोचतं.

पुढच्या रविवारी ते बाईंकडे माफी मागायला गेले. बाईंनी त्यांना आत बोलावलं. "सहाशेचाळीस घरांचे जिने मला पाठ," ते मला म्हणाले, "पण बसायच्या खोलीत कुठं बसायचं ते कळेना." बाईंनीच खुर्ची दाखवली. त्या दिवशी ते पाऊण तास बसले आणि बहुतेक वेळ गप्पच. पुढच्या रविवारी परत गेले. बाईंनी आईबद्दल सांगितलं, त्यांनी ताईबद्दल. तिसऱ्या रविवारी त्यांनी बाईंच्या स्वयंपाकघरातला बिघडलेला दिवा बसवून दिला. चौथ्या रविवारी बाई म्हणाल्या, भाच्यानं त्यांना आपल्या शहरात बोलावलंय, घर विकायचं ठरलंय. हे कार्यक्रमाच्या आधीपासूनच चाललं होतं, सांगायचं राहून गेलं.

सामान बांधायला युनिटराव दोन दिवस जात होते. खोक्यांवर काय काय आहे ते त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं. निघताना बाईंनी पत्ता दिला. युनिटरावांनी दोन पत्रं पाठवली. एकाचं उत्तर आलं, छान टाइप केलेलं, चार ओळींचं.

गाडी मात्र आली. जुनीच, पण इंजिन दणकट. मास्तर आणि सर्वेक्षक आता दर बुधवारी पटावर बसतात आणि एकमेकांवर लबाडीचे आरोप करतात. त्या दोघी आजी एकमेकींकडे जातात. घड्याळवाल्यांनी दुकान उघडलं नाही, पण दुपारी माझ्या दुकानासमोरच्या बाकावर येऊन बसतात, आणि त्या बाकावर सहसा आणखी कुणीतरी असतं. युनिटरावांनी जोडलेल्यांपैकी बरेच जण जोडलेले राहिले. त्यांचा स्वतःचा आकडा किती झाला हे मी एकदा विचारलं. "चौतीस," म्हणाले. म्हणजे तीन युनिट वाढले होते. मला वाटलं ते हसतील, पण नाही हसले.

सिस्टरनी त्यांना आठवड्यातून तीन सकाळी गाडीवर घेतलंय. ड्रायव्हर नवा आहे, त्याला गल्ल्या सापडत नाहीत. युनिटराव पुढे बसून वाट सांगतात आणि सिस्टर आत गेल्या की बाहेर थांबतात. सुरुवातीला नुसतेच थांबायचे. आता शेजारच्या घराचं दार उघडं असलं तर उंबऱ्याशी जाऊन विचारतात, "बरं आहे ना?" कुणी "हो" म्हणून आत जातं. कुणी विचारतं, "आपण कोण?" परवा एका आजोबांनी उत्तर दिलं, तेही पार गुडघ्याच्या पहिल्या दुखण्यापासून, सालवार. सिस्टर बाहेर आल्या, गाडीत बसल्या, ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न दिला. युनिटराव कठड्याला हात टेकून ऐकतच राहिले. त्या दिवशी पुढची दोन घरं उशिरा झाली.